अल्टेअर: चार्टात चार्ट, त्यात अजून चार्ट (विश्वामित्रीच्या पुराचा बॅनर करताना आलेला अनुभव)

२०२५ च्या गणपतीत आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाने ठरवलं की देखाव्याच्या बाजूला बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुराची माहिती लावायची. चतुर्थी २७ ऑगस्टला आली होती आणि आदल्या वर्षी त्याच दिवसांत अर्ध्या बडोद्यात पाणी होतं, म्हणजे बरोब्बर वर्ष झालेलं. सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स, वर पाऊस, खाली एका बाजूला नदीची पातळी, दुसऱ्या बाजूला आजवा सरोवराची, आणि सगळ्यात खाली २०१९ आणि २०२४ चे पूर शेजारी शेजारी. मी मकरपुरा जीआयडीसीत एमआयएसचं, म्हणजे कंपनीच्या आकड्यांचे रिपोर्ट करायचं काम करतो, दिवसभर एक्सेल आणि पायथॉन, त्यामुळे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. ते मी अल्टेअरमध्ये केलं. तीन आठवडे रोज रात्री दोन तास तरी त्यात गेले असतील, म्हणून जे कळलं ते नीट लिहून ठेवतोय, कुणाला असंच एका पानावर चार-पाच चार्ट बसवायचे असतील तर उपयोगी पडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्टेअर ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी, म्हणजे चार्ट काढायचा तयार कोड, फुकट आणि ओपन सोर्स, सुरुवात केली जेक व्हँडरप्लास आणि ब्रायन ग्रेंजर यांनी. ती स्वतः काही काढत नाही, तुम्ही सांगितलेलं सगळं वेगा-लाइटच्या भाषेत लिहून देते, आणि वेगा-लाइट हे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॅबमधून आलेलं, ते ब्राउझरमध्ये चित्र काढतं. वेगा आणि अल्टेअर ही दोन्ही ताऱ्यांची नावं आहेत, आपल्याकडे वेगा म्हणजे अभिजित आणि अल्टेअर म्हणजे श्रवण. मला हे कळलं तेव्हा लायब्ररीबद्दल आपुलकीच वाटली एकदम.

आता मुद्द्याचं. आधी मी ज्या लायब्ररीत काम करायचो तिच्यात पान आधी आखावं लागायचं, इतक्या ओळी, इतके रकाने, आणि मग एकेका खणात जाऊन काढायचं. तयार झालेला चार्ट उचलून दुसऱ्या खणात ठेवू म्हटलं तर अर्धा कोड बदला. अल्टेअरमध्ये खण असा प्रकारच नाही. दोन चार्ट जोडले की जे मिळतं तो पुन्हा एक चार्टच असतो. तो उचलून तिसऱ्याला जोडा, परत चार्ट. इतकंच तत्त्व आहे पण त्यावर सगळा डोलारा उभा आहे, आणि माझ्या मते या लायब्ररीत घ्यावी अशी एक गोष्ट सांगायची झाली तर हीच.

जोडायला तीन चिन्हं. उभी दांडी | म्हणजे शेजारी, & म्हणजे खाली, + म्हणजे एकावर एक. आणि पायथॉनमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात (खरंच चालतात, मी सगळी तशीच ठेवली), त्यामुळे माझ्या फाईलमध्ये बॅनरची शेवटची ओळ अशी आहे:

बॅनर = पाऊस & (नदी | आजवा) & तुलना

ही ओळ मी काकांना दाखवली. काका म्हणजे माझे सख्खे काका, वय ७४, पाऊस मोजून वहीत लिहायची त्यांची सवय जुनी आहे, बॅनरचा निम्मा डेटा त्यांच्याच वहीतला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "अरे हे तर पानाचं चित्रच आहे, वर पाऊस, खाली नदी न आजवा, त्याच्या खाली तुलना." त्यांना कोडिंगचं ओ की ठो कळत नाही तरी लेआउट वाचता आला. याहून मोठं कौतुक मी काय करणार.

कंसाचं मात्र बघा. पायथॉनमध्ये + आधी बांधला जातो, मग &, मग |. म्हणजे नदी + धोका | आजवा असं लिहिलं तर आधी नदीवर धोका चढतो आणि मग शेजारी आजवा येतो, ते बरोबरच आहे. पण पाऊस & नदी | आजवा असं कंसाशिवाय लिहिलं तर पाऊस आणि नदी एका खांबात जातात आणि आजवा उजवीकडे एकटा. मला पाऊस पूर्ण रुंदीभर हवा होता, पहिल्या दिवशी वाटलं लायब्ररीच बिघडली आहे. कंस टाकायची सवय लावून घ्या, लागो न लागो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यासाठीच हे लिहायला बसलो. एकावर एक चढवणं, म्हणजे लेयर.

पाऊस मिलिमीटरमध्ये, नदी फुटांत. दोन्ही एकाच चार्टात दाखवायचे, पावसाचे खांब आणि वरून नदीची रेघ, आणि २६ फुटांवर लाल तुटक रेघ, कारण काळा घोड्याच्या पुलाजवळ २६ फूट ही धोक्याची पातळी धरतात आणि बडोद्यात पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा असतो. लेयरमध्ये स्केल, म्हणजे अक्षाची मोजपट्टी, आपोआप सामाईक असतो. म्हणजे २५० मिमीचा खांब आणि ३० फुटांची रेघ एकाच अक्षावर, नदी बिचारी तळाशी चिकटून बसते. तर रिझॉल्व्ह-स्केल म्हणून एक गोष्ट आहे, त्यात उभ्या अक्षाला इंडिपेंडंट म्हणायचं की डावीकडे मिमी, उजवीकडे फूट असे दोन अक्ष येतात. छान. मी लिहिलं पाऊस + नदी + धोका आणि त्यावर इंडिपेंडंट लावलं.

लाल रेघ भलतीकडेच आली.

का आली ते समजायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. पाऊस + नदी + धोका हे तीन सुटे थर झाले, आणि तिघांनाही सांगितलं की आपापला अक्ष घ्या. मग धोक्याच्या रेघेनेही स्वतःचा तिसरा अक्ष घेतला, त्यात एकच आकडा २६, नदीच्या २६ शी त्याचा काडीचा संबंध नाही. इलाज म्हणजे कंस: पाऊस + (नदी + धोका). आता बाहेरून बघितलं तर थर दोनच, एक पावसाचा, दुसरा नदी-धोक्याचा. बाहेरचे दोघे वेगळे अक्ष घेतात, आतले दोघे एकमेकांशी वाटून घेतात. रेघ बरोब्बर उजव्या अक्षाच्या २६ वर जाऊन बसली.

एवढ्या बारीक गोष्टीवर इतकं लिहितोय कारण हा चार्ट गोडाऊनच्या स्टॉकचा नव्हता. ज्या बॅनरसमोर उभं राहून लोक आपल्या घरात पाणी कधी शिरलं ते शोधणार त्यावर धोक्याची रेघ चार बोटं वर दिसली तर ती चूक कोण पकडणार? चार्ट दिसायला तर अगदी व्यवस्थित होता. म्हणून सांगतो, लेयरवर इंडिपेंडंट लावाल तिथे लगेच थांबा आणि कोण कोणाबरोबर अक्ष वाटून घेतोय ते तोंडाने म्हणून बघा.

नदी आणि आजवा शेजारी शेजारी ठेवले तेव्हा उलट अनुभव आला. आजव्याची पातळी फुटांतच पण २१०-२१२ च्या आसपासची, नदी शून्यापासून पस्तीस-सदतीसपर्यंत. दोन्ही "फूट" म्हणून एका स्केलवर टाकले असते तर दोन सपाट रेघा दिसल्या असत्या. पण | आणि & ने जोडलेल्या चार्टांना आडवा-उभा अक्ष आपोआप वेगवेगळाच मिळतो, इथे काही करावं लागलं नाही. आजव्याची रेघ दोन-तीन फुटांत काय हलते ते स्वच्छ दिसलं. सयाजीरावांच्या काळातलं हे सरोवर, त्याचे ६२ दरवाजे, नदी जिथून निघते त्या पावागडच्या डोंगराच्या बाजूचा पाऊस, हे सगळं बडोद्याच्या माणसाला पाठ असतं, पण पाणी तिथे किती इंचांनी चढलं की इथे नदी किती फुटांनी चढते हे शेजारी शेजारी बघितलेलं नसतं कोणी.

रंगाचं मात्र तसं नाही हां. जोडलेल्या चार्टांचा अक्ष वेगळा असतो पण रंग सामाईक असतो! मी पावसाच्या चार्टात वर्षानुसार रंग दिले होते आणि खालच्या चार्टात ठिकाणानुसार, तर बाजूला एकच लेजंड (कुठला रंग कशाचा त्याची यादी) आला, २०१९, २०२४, काळा घोडा, आजवा असे चार ठिपके एकाखाली एक. मंडळातल्या एका मुलाने विचारलं, "दादा, काळा घोडा हे वर्ष आहे का?" जोडलेल्या चार्टावर रंगासाठीही इंडिपेंडंट सांगितलं की दोन वेगळे लेजंड होतात. हे सांगायचं जोडलेल्या चार्टावर, आतल्या चार्टावर सांगून काही होत नाही.

आत की बाहेर, हा प्रश्न पुढे सारखा येतो. फॉन्ट, मार्जिन, अक्षाच्या अक्षरांचा साइज वगैरे जे कॉन्फिगर करतो ते सगळं सगळ्यात बाहेरच्या चार्टावरच करावं लागतं. आतल्या एखाद्या चार्टावर कॉन्फिगर लावून मग तो जोडायला गेलात तर सरळ एरर येते की कॉन्फिग असलेला चार्ट आत घालता येत नाही. आधी चीड आली मला, कारण मी प्रत्येक चार्ट स्वतंत्र सजवून ठेवला होता आणि ती सगळी सजावट उतरवावी लागली. आता वाटतं बरं आहे, नाहीतर एका बॅनरवर पाच तऱ्हेचे फॉन्ट झाले असते. रुंदी, उंची आणि शीर्षक मात्र प्रत्येक चार्टाचं स्वतःचं, ते आतच द्यायचं.

तुलनेचा भाग फॅसेटने केला. फॅसेट म्हणजे एकच चार्ट वर्षानुसार फोडून शेजारी शेजारी मांडायचा. यात उभा अक्ष आपोआप सामाईक राहतो, तो तसाच हवा, कारण दोन पुरांची तुलना करायची तर फूटपट्टी एकच पाहिजे. २०१९ चा म्हणजे ३१ जुलैचा तो पाऊस, एका दिवसात ४०० मिमीच्या वर, बडोद्यातली माणसं अजून इंचांत सांगतात. आणि २०२४ मध्ये नदी पस्तीस फुटांच्या पुढे गेली आणि पाणी दोन-तीन दिवस हललं नाही, मगरी सोसायट्यांत फिरत होत्या. आडव्या अक्षावर फक्त महिना-दिवस घ्यायचा, वर्ष टाकायचं नाही, त्यासाठी मंथ-डेट म्हणून टाइम युनिट आहे, नाहीतर डाव्या चार्टाची उजवी बाजू आणि उजव्याची डावी बाजू रिकामी राहते.

फॅसेटचे दोन नियम लक्षात ठेवा. आधी थर चढवा आणि मग फोडा, फोडलेल्या चार्टावर थर चढत नाही. आणि सगळ्या थरांचा डेटा एकच असला पाहिजे. धोक्याच्या रेघेसाठी मी एका ओळीचा वेगळा डेटाफ्रेम (पायथॉनमधला तक्ता) केला होता, फॅसेटने तो घेतला नाही, म्हणाला डेटा वर एकदाच द्या. मग रेघेला वेगळा डेटा देण्याऐवजी डेटम म्हणून थेट २६ हा आकडा दिला आणि नदीचाच डेटा लावला, झालं काम.

आता मोजमापाबद्दल, कारण फ्लेक्सवाल्याकडे सगळी खरी परीक्षा तिथेच असते. तुम्ही चार्टाची रुंदी ३०० सांगता तेव्हा ती फक्त आतल्या चौकोनाची असते, अक्षाचे आकडे आणि अक्षाचं नाव त्याच्या बाहेर. नदी ३००, आजवा ३००, मधली फट आपोआप २०, म्हणून मी पावसाला ६२० दिले. उजवीकडे बोटभर कमी पडला. कारण आजव्याच्या डाव्या अक्षाचे आकडे मध्ये घुसून त्यांची स्वतःची जागा घेतात, ती साधारण ५० निघाली, म्हणजे पावसाला ६७० हवे होते. बरं ही ५० पण पक्की नाही, आकडे २१० ऐवजी २१०.५ झाले की जागा वाढली. यावर उपाय असा की जोडलेल्या चार्टाला बाउंड्स फ्लश सांगायचं, मग तो अक्षाची अक्षरं मोजतच नाही, फक्त चौकोन मोजतो, आणि फट स्वतः ७० ठेवायची. ३०० अधिक ७० अधिक ३००, सरळ ६७०, आकडे बदलले तरी हलत नाही. मला हे दोन दिवसांनी सापडलं. आधी मी स्क्रीनला पट्टी लावून बसलो होतो.

देवनागरीबद्दल सांगायलाच हवं. आधीच्या लायब्ररीत "विश्वामित्री" हा शब्द लिहिला की वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन पडायची आणि श्व, त्र यांचे पाय मोडायचे, नावाची पार दुर्दशा. अल्टेअरचं चित्र ब्राउझर काढतो, त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या, सगळं जिथल्या तिथे. पीएनजी किंवा पीडीएफ काढताना मशीनवर देवनागरी फॉन्ट बसवलेला हवा आणि फॉन्टचं नाव कॉन्फिगमध्ये द्यायचं, मी नोटो सान्स देवनागरी वापरला. अक्षावरचे आकडेसुद्धा देवनागरीत आणता येतात, फॉरमॅट लोकेलमध्ये (आकडे कुठल्या पद्धतीने लिहायचे ती सेटिंग) न्यूमरल्स म्हणून यादी देता येते, त्यात ० ते ९ लिहून टाकायचे. त्याच लोकेलमध्ये ग्रुपिंग ३, २, २ असं दिलं की लाख-कोटी आपल्या पद्धतीने स्वल्पविरामासकट येतात, ऑफिसच्या रिपोर्टसाठी हे मी लगेच उचललं. तारखांचा लोकेल वेगळा आहे, त्यात महिन्यांची नावं जून, जुलै, ऑगस्ट अशी मराठीत देता येतात पण तारखेचा आकडा इंग्रजीच राहतो. मी तारखा काढूनच टाकल्या आणि फक्त महिने ठेवले.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी एक जपा, कॉलमच्या नावात टिंब देऊ नका. आपण सवयीने "पाऊस मि.मी." असं लिहितो. वेगा-लाइटला टिंब दिसलं की त्याला वाटतं हे नावाच्या आतलं नाव आहे, मग ते सापडत नाही आणि चार्ट रिकामा येतो, एरर पण नाही. काकांच्या वहीवरून एक्सेल मीच टाइप केलं होतं आणि सगळ्या कॉलमना टिंबं दिली होती, एक रात्र गेली. पाऊस_मिमी असं नाव ठेवा आणि अक्षाला शीर्षक वेगळं द्या, तिथे हवी तितकी टिंबं चालतात.

डेटा जास्त असेल तर ५००० ओळींची मर्यादा आडवी येते. एका मित्राने नदीची तासातासाची फाईल दिली होती, जून ते सप्टेंबर १२२ दिवस, गुणिले २४ म्हणजे २,९२८ ओळी, एका वर्षापर्यंत ठीक. २०१९ आणि २०२४ दोन्ही घेतले की ५,८५६, आणि लगेच अडलं. अडवण्यामागे कारण आहे, अल्टेअर तुमचा सगळा डेटा चार्टाच्या आतच लिहून ठेवते, त्यामुळे फाईल फुगत जाते. मर्यादा एका ओळीत बंद करता येते, सहा हजार ओळींना काही होत नाही. पण पाच चार्ट एकात एक घालताना एक पथ्य पाळा, एकच डेटाफ्रेम सगळ्या चार्टांना द्या आणि गाळणी चार्टाच्या आत ट्रान्सफॉर्म-फिल्टरने लावा. डेटा एकच असेल तर तो फाईलमध्ये एकदाच जातो. आधीच गाळून पाच वेगळे डेटाफ्रेम केले तर पाचही आत लिहिले जातात.

बॅनर तर उत्तम झाला. पीडीएफ थेट निघते, म्हणजे वेक्टर, कितीही मोठं करा कडा फाटत नाहीत. रावपुऱ्यातल्या फ्लेक्सवाल्याने पहिला प्रश्न तोच विचारला, "जेपीजी छे के पीडीएफ?" पीडीएफ म्हटल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पाच मिनिटांत काम लावलं.

मंडपात एक लॅपटॉपही ठेवला होता, त्यावर तोच बॅनर पण हलता. पावसाच्या चार्टावर माउस ओढून चार दिवस निवडले की खालची नदी आणि आजवा तेवढेच दिवस मोठे करून दाखवतात. याला सिलेक्शन-इंटरव्हल म्हणतात, पावसाच्या चार्टात ॲड-पॅराम्सने जोडायचं आणि खालच्या चार्टांच्या आडव्या अक्षाला डोमेन (अक्ष कुठून कुठपर्यंत) म्हणून तेच सिलेक्शन द्यायचं. (जुन्या ट्युटोरियलमध्ये ॲड-सिलेक्शन लिहिलेलं सापडेल, २०२३ च्या पाचव्या आवृत्तीपासून ॲड-पॅराम्स झालं.) सगळे चार्ट एकाच मोठ्या चार्टाच्या पोटात आहेत म्हणून हे जमतं, वेगळा सर्व्हर नको, एक एचटीएमएल फाईल पुरते. काकांनी २५ ऑगस्टपासून २९ ऑगस्टपर्यंत ओढलं आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बघ, पाऊस खाली आलाय आणि नदी अजून चढतेच आहे. त्या रात्री मी हेच सांगत होतो, पाणी वरून येतंय." त्या रात्री कारेलीबागेतल्या आत्याला त्यांनी सामान माळ्यावर टाकायला लावलं होतं, बाहेर पाऊस जवळजवळ थांबलेला असताना, आणि सगळे त्यांच्यावर वैतागले होते.

मग अर्थातच सगळे म्हणाले, फोनवर पाठव. इथे अल्टेअर कमी पडते आणि हे स्पष्ट सांगतो. एकट्या चार्टाला किंवा थरांच्या चार्टाला रुंदी "कंटेनर" सांगता येते, मग तो स्क्रीनप्रमाणे लहान-मोठा होतो. पण शेजारी किंवा खाली जोडलेल्या चार्टाला आणि फॅसेटला ते चालत नाही. माझा ६७० चा बॅनर फोनवर उघडला की बोटाने इकडे तिकडे सरकवत बसा. दोन वाटा आहेत. एक म्हणजे फोनसाठी वेगळी मांडणी, सगळं & ने एकाखाली एक, रुंदी ३०० ला बांधलेली, सिलेक्शन चालू राहतं. दुसरी म्हणजे प्रत्येक चार्ट सुटा ठेवून पानावर वेगळ्या खणात बसवायचा, मग प्रत्येकाची रुंदी छान जुळते पण ओढून निवडण्याचा धागा तुटतो, कारण ते आता एका चार्टाच्या पोटात नाहीत. मी पहिली निवडली, माझ्यासाठी धागा जास्त महत्त्वाचा होता. त्याला कष्ट फार पडले नाहीत, चार्ट तेच, फक्त रुंद्या बदलल्या आणि शेवटची ओळ पाऊस & नदी & आजवा & तुलना झाली, तुलनेतली दोन वर्षं एकाखाली एक. पण ज्याला मुळातच फोनसाठी डॅशबोर्ड करायचा आहे, दिवसाला हजार लोक उघडणार आहेत, त्याने अल्टेअर घेऊ नये असं माझं स्वच्छ मत.

छापायचं असेल, रिपोर्टात टाकायचं असेल, ज्युपिटरमध्ये (पायथॉन तुकड्या-तुकड्याने चालवायची वही) बसून डेटा उलटापालटा करून बघायचा असेल, तर डोळे मिटून घ्या. पायथॉन येणाऱ्याला साधे चार्ट एका दिवसात येतात, एकात एक घालणं हाताला बसायला मला दोन आठवडे लागले. बसवताना ऑलवालं पॅकेज (altair[all]) बसवा म्हणजे पीएनजी-पीडीएफचं व्हीएल-कन्व्हर्टही सोबत येतं. मार्क द्यायचे तर मांडणीला दहापैकी नऊ, मोजमापाला सहा, मराठी अक्षरांना पूर्ण दहा, फोनला चार.

विसर्जनानंतर बॅनर उतरवला तो काकांनी मागून घेतला, त्यांच्या खोलीत वह्यांच्या कपाटाला लावलाय. परवा गेलो तर पेन्सिलने पावसाच्या चार्टाच्या वर एक रिकामी चौकट काढून ठेवली होती आणि आत लिहिलं होतं "पावागड". पावागडजवळच्या हालोलला ओळखीचे एक शिक्षक आहेत, ते शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजतात, त्यांच्याकडून दोन वर्षांची नोंद मिळेल म्हणाले. मी तिथेच लॅपटॉप उघडून शेवटच्या ओळीत पावागड & एवढं पुढे जोडून ठेवलं, डेटा आला की वरचा चार्ट भरायचा.